टेपने आखलेली कॅरॅव्हॅन

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. आमच्याकडे साधा नियम आहे — जे पुन्हा करून दाखवता येत नाही, त्याचा बोभाटा करायचा नाही. मी घरातही तसाच. त्यामुळे हे लिहू की नको, यातच बराच काळ गेला...

जागा — टोकियोतलं ओजिमा, सरकारी वसाहतीतली उंच इमारत, सातवा मजला. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको सुनीता.

युरोपात गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून भटकायचं, हे स्वप्न मुळात सुनीताचं. कुठल्याशा कॅलेंडरवर तिने हिरव्या उतारावर उभी असलेली पांढरी कॅरॅव्हॅन पाहिली होती. "घर सोबत घेऊन फिरायचं, हॉटेलची कटकट नाही," असं ती म्हणायची. मग २०११चा भूकंप झाला. मी ऑफिसात अडकलो होतो, ही सातव्या मजल्यावर. इमारत पडली नाही, पण खूप वेळ डोलत राहिली. त्यानंतर सुनीता लिफ्टमध्ये चढली नाही आणि या घराबाहेर एक रात्रही झोपली नाही. "हे घर हललं तरी पडत नाही, एवढं मला माहीत आहे. दुसऱ्या घराची खात्री कोण देणार?" असं तिचं म्हणणं. आणि चाकांवरचं घर तर हलणारच!

त्या दिवशी तिच्यासोबत शेजारच्या शिमादा-सान होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. सगळं हलत असताना या बाईंनी काय करावं? आमच्या दारातले सुनीताचे बूट उचलून टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवले. जपानी घरांत ही रीतच आहे. पाहुणा आत आला की त्याचे जोडे वळवून ठेवतात, म्हणजे निघताना पाय नुसते सरकवायचे. "बाहेर जाणाऱ्याला वळावं लागू नये," असं त्या हिला म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्या आमच्याकडे चहाला यायच्या.

भूकंपाला सहा-सात वर्षं झाल्यावर मी हळूच कॅरॅव्हॅनचा विषय पुन्हा काढला. नुसतं बोलून सुनीताची भीती जाणार नव्हती, म्हणून मी बाहेरच्या खोलीत, लाकडी जमिनीवर मास्किंग टेपने कॅरॅव्हॅन आखली. आतून लांबी साडेचार मीटर, रुंदी दोन मीटर दहा. पलंगाच्या जागी फुतोन, म्हणजे इथली जमिनीवर घालायची गादी. दाराच्या जागी टेपमध्ये फट. पुढे डायनिंगच्या दोन खुर्च्या म्हणजे गाडी, ड्रायव्हर डावीकडे, कारण तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. रविवारी दुपारी तासभर आत राहण्याचा सराव. सपाता दाराबाहेर काढायच्या, टेप ओलांडायची नाही. रॉटरडॅमला कॅरॅव्हॅन घ्यायची, ऱ्हाइनच्या काठाने खाली, मोठे घाट टाळून स्लोव्हेनियापर्यंत. जाऊन-येऊन साधारण तीन हजार किलोमीटर.

कॅरॅव्हॅनमध्ये सामान किती किलो भरता येतं याला मर्यादा असते. त्यामुळे कुकरपासून मेतकुटाच्या डब्यापर्यंत सगळं मी वजनकाट्यावर ठेवत होतो.

"अहो ड्रायव्हर, माझी कानातली राहिली मोजायची," सुनीता म्हणायची.

शिमादा-सानना या खेळाची भारी गंमत. टेपच्या फटीपाशी थांबून, वाकून "ओजामा शिमास" म्हणायच्या, म्हणजे "तुम्हाला त्रास द्यायला येते हं", आणि मगच आत पाऊल. एकदा आमच्या सपाता वळवता वळवता मला म्हणाल्या, "माझं वजन बेचाळीस किलो. बसते का तुमच्या हिशेबात?"

"नाही बसत, शिमादा-सान. पाण्याची टाकी रिकामी ठेवावी लागेल."

"मग मी वाटेत पाणी पिणार नाही."

सुनीता इतकी हसली की तिचा चहा सांडला. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

त्या हिवाळ्यात शिमादा-सान गेल्या. न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलमधून परत आल्याच नाहीत. सुनीता म्हणाली, "आता तो विषय नको." पण टेप काढायला गेलो तर तेही करू देईना. मी दोनदा बुकिंग पुढे ढकललं. शेवटी कॅरॅव्हॅनवाल्यांचा निरोप आला — सोमवारपर्यंत नक्की करा, नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो. मला माहीत होतं, या वेळी राहिलं तर ती पुन्हा कधी तयार होणार नाही. घराबाहेर पडायलाही नाही.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर म्हटलं, "शेवटचं एकदा आत बसू. मग तू नाही म्हणालीस तर मी स्वतः टेप काढतो."

सपाता फटीपाशी काढल्या. कशाही, टोकं आत. मला हे पक्कं आठवतं, कारण आत जाताना माझ्याच सपातेला अडखळलो. फुतोनवर दोघं आडवे झालो. बाहेर ढगाळ, पण ऊन मध्येच यायचं. कधी डोळा लागला कळलं नाही.

मग जमीन हलायला लागली.

भूकंपाचं हलणं आम्हाला पाठ आहे. हे तसं नव्हतं. लांब, मऊ, एका लयीत... पुढे कोणीतरी ओढतंय आणि आपण मागून आरामात चाललोय, असं. मी झोपेतच विचार केला की सामानाचं वजन बरोबर विभागलं गेलंय, मागचा भाग झुलत नाहीये. बाल्कनीच्या काचेतून समोरची इमारत दिसायला हवी होती, तिथे हिरवा उतार सरकत होता. दोरीवर कोणाचे तरी पांढरे कपडे. ओल्या गवताचा वास. मग हलणं थांबलं आणि फटीपाशी हळू आवाजात कोणीतरी म्हणालं, "ओजामा शिमाश्ता." हे पाहुण्याने निघताना म्हणायचं असतं — त्रास दिला, येते आता.

डोळे उघडले तेव्हा सुनीता उठून बसली होती. एकटक दाराच्या जागेकडे बघत.

"सपाता तुम्ही वळवल्यात?"

"नाही. तू?"

दोन्ही जोड्या शेजारी शेजारी, टोकं बाहेर. मला काय दिसलं ते मी मुद्दाम बोललो नाही. आधी तिला विचारलं, "तुला काय आठवतंय?"

"आपण चाललो होतो," ती म्हणाली. "खूप वेळ. सगळं हलत होतं आणि मला भीतीच वाटत नव्हती हो. मग हिरव्या उतारापाशी थांबलो. शिमादा-सान उतरल्या. मी म्हटलं, थांबा, चहा ठेवते. तर त्या म्हणाल्या, नको, मला जवळच जायचंय."

मी सपात उचलली. तळ ओलसर होता. कडेला गवताचं बी चिकटलेलं. या सपाता आम्ही घराबाहेर घालत नाही. दाराची साखळी आतून लागलेली होती, बाल्कनीची कडीही. फोनवर भूकंपाची नोंद पाहिली, त्या दुपारी काहीही नाही. झोपेत चाललो म्हणावं, तर दोघं एकदम? आणि सातव्या मजल्यावर गवत कुठून आलं?

मी हे सगळं मोठ्याने बोलत होतो. सुनीताने सपातांत पाय सरकवले. वळावं लागलं नाही.

"आता पुरे की," ती म्हणाली. "करा त्यांना कन्फर्म."

पुढच्या चार रविवारी मी तोच प्रयोग केला. तीच टेप, तेच जेवण, सपाता टोकं आत. काहीही झालं नाही. पुन्हा करून दाखवता येत नाही. म्हणजे माझ्याच नियमाने हे सांगण्यासारखं नाही... तरी सांगतोय.

उन्हाळ्यात आम्ही गेलो. एअरपोर्टला निघताना सुनीता लिफ्टमध्ये चढली, माझं मनगट घट्ट धरून. पहिली रात्र ऱ्हाइनकाठी. शेजारून ट्रक गेला की कॅरॅव्हॅन हलायची आणि सुनीता घोरत होती. तसा हिरवा उतार वाटेत पुष्कळ दिसला, पण "हाच तो" असं दोघांनाही कुठे वाटलं नाही. उगाच वाटलं असं लिहिणार नाही.

एवढंच, की रोज संध्याकाळी कॅरॅव्हॅनच्या पायरीशी सुनीता तीन जोड्या मांडायची, टोकं बाहेर. तिसरी जोडी पाहुण्यांची, शिमादा-सान आमच्याकडे घालायच्या ती. त्या दुपारचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. पण सामान भरताना ती जोडी मी काट्यावर ठेवली होती. एकशे ऐंशी ग्रॅम. आणि पाण्याची टाकी संपूर्ण प्रवासात एकदाही काठोकाठ भरली नाही. बेचाळीस लिटर कमीच ठेवली.