एक पुस्तक, तीन कर आणि आमचे गमरे सर

गमरे सरांना मी प्रथम भेटले ती त्यांच्या करी रोडच्या कचेरीत, नोकरी मागायला. करसल्लागारांकडे जायचे म्हणून कलमे पाठ केली होती. सरांनी त्यातले एकही विचारले नाही. एक कथासंग्रह पुढे सरकवून म्हणाले, "हा छापील घेतला तर कर नाही. हाच मोबाइलवर घेतला तर थोडा कर. आणि जे पुस्तक छापलेलंच नाही, नुसतं मोबाइलवर मिळतं, त्याला पुष्कळ जास्त. असं का?"

मी पाठ केलेली कलमे मनात चाळू लागले.

"मलाही सगळं पटलेलं नाही," सर हसले. "पण माणसाला कारण सांगता आलं पाहिजे. उद्यापासून या."

कारण त्यांनीच हळूहळू समजावले. छापील पुस्तक ही वस्तू, मोबाइलवरचे पुस्तक ही सेवा. त्याची छापील आवृत्ती असेल तर सवलत. नसेल तर ते गाणी-गेमच्या रांगेत बसते. ग्राहक परदेशी असला की हिशेब आणखी वेगळा.

तरीही मी चुकलेच. राऊळबाई दादरला वह्या आणि पुस्तकांचा छोटा व्यवसाय करीत. आईच्या मालवणी ओव्यांचे ई-पुस्तक त्या काढणार होत्या. त्यांनी फोनवर कर विचारला आणि मी घाईत कमी दर सांगितला. ते पुस्तक छापलेलेच नव्हते. बाईंनी किंमत जाहीर केल्यावर सरांच्या हे लक्षात आले. मी रडकुंडीला आले. सर मला घेऊन थेट दादरला गेले आणि म्हणाले, "बाई, चूक आमच्या कचेरीची आहे." माझे नावही त्यांनी घेतले नाही.

चूक झाकायला मीच तोडगा सुचवला, "सर, दोन प्रती छापून दाखवायला ठेवल्या तर?"

"दाखवायला?" सरांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "छापायचं तर वाचणाऱ्यासाठी छापा. नाहीतर जो कर आहे तो भरा."

राऊळबाई म्हणाल्या, "वाचणारी आहे की घरात."

त्यांनी खरोखरच आवृत्ती काढली. पहिली प्रत द्यायला आम्ही लालबागला त्यांच्या घरी गेलो. राऊळबाईंच्या नव्वदीच्या आईंनी पानांवरून हात फिरवला. "माका त्या मोबाइलात कायच दिसना नाय," त्या म्हणाल्या, आणि आपलीच ओवी आम्हांला वाचून दाखवू लागल्या. सर चष्मा पुसत राहिले.

आज मी हैदराबादला मोठ्या कंपनीत याच विषयाचे काम करते. दर संगणक निवडतो. चुकले तर ग्राहकाला पत्र जाते, माणूस जात नाही. करी रोडची ती इमारत आता पाडली आहे. सर लेकीकडे बदलापूरला राहतात. करी रोडला मला हाक मारणारे कुणी नाही हे ठाऊक असूनही, मुंबईला आले की पावले त्या गल्लीकडेच वळतात. पत्र्यांच्या कुंपणापाशी थोडा वेळ उभी राहते आणि परत फिरते.

सर, पंचाहत्तर वर्षे आपण पूर्ण करीत आहात. आपली प्रकृती उत्तम राहो, दृष्टी शाबूत राहो, आणि आपला सहवास आम्हांला पुष्कळ वर्षे मिळो. फोनवर आपण दर वेळी "कामं सोडून येऊ नका" म्हणता. या खेपेला ऐकणार नाही. सोडून येते आहे.