चौसष्ट वर्षांचा धाकटा

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात तीस-पस्तीस माणसं होती, आणि एकोणिसाव्या वर्षी तो कामाला लागला तेव्हा त्या सगळ्यांत तोच लहान होता. म्हणून त्याचं नाव पडलं धाकटा. पुढे त्याच्यामागून कितीतरी माणसं आली, काही सोडूनही गेली. ह्याचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, घरात सून आली. पण जुन्या माणसांनी हाक मारायची झाली की ती ‘धाकट्या’ अशीच. एकदा पाहून ठेवलेल्या माणसाकडे पुन्हा कोण निरखून बघत बसतो?

त्याचं काम पासंग जुळवायचं. तयार काटा टेबलावर यायचा. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहते का ते बघायचं, नसेल राहत तर हलक्या बाजूला शिशाचा बारीक तुकडा चढवायचा. हे सगळं उभ्यानं. बसलं की नजर दांडीच्या रेषेत राहत नाही, असं फोरमनसाहेबांचं म्हणणं होतं, आणि फोरमनसाहेबांच्या म्हणण्यापुढे कुणी हूं की चूं करत नसे. एक्केचाळीस वर्षं तो उभा राहिला. त्याचं उट्टं पुढे उजव्या गुडघ्यानं काढलं.

निवृत्त झाला त्या दिवशी बायकोनं विचारलं, “आता काय करायचं ठरवलंय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. बसून राहणार.”

ते बसणं जेमतेम महिनाभर टिकलं. एक दिवस फोरमनसाहेबांचा फोन आला. ते निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती, पण आवाजातली जरब तीच. “स्टोअरकीपर गेला, कळलं ना? बुधवारी साडेसातला स्टेशनवर ये. पुढच्या दाराशी उभा राहा.”

“हो साहेब,” धाकटा म्हणाला. कशासाठी ते त्यानं फोन ठेवल्यावर बायकोला विचारलं, जणू तिला माहीत असणार होतं.

गोष्ट अशी होती की कारखान्यातल्या चार जुन्या माणसांनी गेली काही वर्षं एक नेम धरला होता. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी सकाळच्या गाडीनं कुठल्यातरी गावी जायचं, दिवसभर फिरायचं, संध्याकाळच्या आत परतायचं. त्या चौघांतला स्टोअरकीपर सगळी उठाठेव करायचा. तो वारला, आणि राहिली तिघं. एक फोरमनसाहेब. दुसरे रंगारीदादा, जे काट्यांच्या तबकड्यांवर आकडे रंगवायचे आणि आता फक्त डाव्या कानानं ऐकायचे. तिसऱ्या होत्या ऑफिसातल्या टायपिस्टबाई. बाईंची पावलं चिमणीसारखी, पण जीभ अजून टाइपरायटरच्या वेगानं चालणारी. तिघंही पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पलीकडे. त्यांना कुणीतरी तरुण माणूस हवा होता.

तो तरुण माणूस साठीचा होता, एवढंच.

चार वर्षं असं चाललं. धाकट्यानं सगळ्यांच्या आधी पोचायचं, गाडी थांबायच्या आत डब्यात शिरायचं आणि जागा धरायच्या. फोरमनसाहेबांना इंजिनाकडे तोंड करून खिडकी लागायची. रंगारीदादांच्या डाव्या हाताला बोलणारं माणूस हवं. बाईंना वारा चालत नसे. मोठा थर्मास, डब्यांची पिशवी, बाईंची शाल, तिघांच्या छत्र्या, हे सगळं त्याच्या खांद्यावर. उतरल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे ते बघायचं, मग परतीची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते विचारायचं, मग तिघांची तोंडं मोजायची. कालव्याकाठचं एक गाव, घड्याळाच्या मनोऱ्याचं एक, बोटींच्या धक्क्याचं एक. घरी कुणी विचारलं तर त्याला गावं नीट आठवायची नाहीत. जिने आठवायचे. मनोऱ्याच्या गावी पुलाला अठ्ठेचाळीस पायऱ्या. धक्क्याच्या गावी बत्तीस, पण उंच.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरला. “गादी झिजलीय. गुडघा बदलावा लागेल. तोपर्यंत जिने टाळा.”

त्यानं मान डोलावली आणि पुढच्या बुधवारी अठ्ठेचाळीस पायऱ्या चढला.

“सांगा की त्यांना,” बायको म्हणाली. ती त्याच्या गुडघ्याला मलम चोळत होती.

“सांगतो.”

“कधी?”

“सांगतो म्हटलं ना.”

मुलगा म्हणाला, “बाबा, नाही म्हणायला काय जातं?” सून हसून म्हणाली, “बाबांना अजून साहेबांची भीती वाटते.” तिनं गंमत केली होती, पण ती नेमकी वर्मी लागली. भीती म्हणावी तर भीती नव्हती. फोरमनसाहेबांसमोर उभं राहिलं की त्याच्या तोंडून ‘हो’ एवढाच शब्द निघायचा. जिभेला दुसरं वळणच नव्हतं.

पुढची सहल तळ्याच्या गावची होती. दिवस कसाबसा पार पडला. तळ्याला चक्कर मारायची म्हणून निघाले आणि निम्म्यातून परतले, बाईंना धाप लागली होती. परतीच्या गाडीला दहा मिनिटं असताना चौघं एक नंबरच्या फलाटावर बाकावर बसले होते, आणि धाकट्यानं नुकतेच बूट सैल केले होते. तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला की गाडी आज तीन नंबरवर येणार.

“चल,” फोरमनसाहेब म्हणाले.

धाकट्यानं बूट आवळले. थर्मास, पिशवी, शाल, छत्र्या गळ्यात-खांद्यावर अडकवल्या आणि पुलाच्या जिन्याकडे निघाला. सामान पलीकडे ठेवून परत यायचं आणि एकेकाला हात द्यायचा, हे ठरलेलं. पहिला टप्पा तो चढला. दुसऱ्या टप्प्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघ्यानं साथ सोडली. पडला नाही. कठड्याला धरून हळूच खाली बसला. थर्मास एका पायरीवर आपटला, छत्र्या घरंगळत खाली गेल्या.

मागून ती तिघं येतच होती. फोरमनसाहेब सगळ्यांत पुढे.

“काय झालं? ऊठ. गाडी येतेय.”

“नाही उठता येत, साहेब.”

“उठता येत नाही म्हणजे काय? धर माझा हात.”

धाकट्यानं त्या हाताकडे पाहिलं. एक्क्याऐंशी वर्षांचा हात. तो धरला असता तर दोघंही खाली गेले असते.

“दमलो,” तो म्हणाला.

खाली गाडी आली. घाईतली माणसं त्यांना वळसा घालून पळाली. कठड्याच्या जाळीतून डबे दिसले, दारं मिटली, गाडी गेली. पुलावर चौघंच उरले.

“तुझ्यापायी गाडी गेली,” फोरमनसाहेब म्हणाले.

आणि मग, इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. “माझ्यापायी?” धाकटा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, चढवायला अंगात जोरच नव्हता. “साहेब, मी चौसष्ट वर्षांचा आहे. गुडघा झिजलाय माझा. डॉक्टर म्हणतात जिने चढू नका, आणि मी तुमच्या छत्र्या घेऊन जिने चढतोय.”

“चौसष्ट?” बाई म्हणाल्या.

“काय म्हणतोय तो?” रंगारीदादांनी विचारलं.

बाई त्यांच्या डाव्या कानाशी ओरडल्या, “चौसष्ट!”

“कोण चौसष्ट?”

“आपला धाकटा!”

“बाप रे,” रंगारीदादा म्हणाले. “मग आपण किती?”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. फोरमनसाहेब हसले नाहीत. ते कपाळाला आठ्या घालून कसलातरी विचार करत होते.

“चौसष्टाव्या वर्षी,” ते म्हणाले, “मला घरी बसून चार वर्षं झाली होती.”

“हो ना.”

“हो ना काय?”

“मग मी कधी बसायचं, साहेब?”

फोरमनसाहेबांनी कठडा धरला, एक पाय खाली घेतला, मग दुसरा, आणि बऱ्याच खटपटीनंतर धाकट्याच्या शेजारी पायरीवर बसले. ते बसले म्हणून रंगारीदादा बसले. बाईंनी आधी रुमाल पसरला, मग त्याही टेकल्या. थोड्या वेळानं झाडूवाला जिन्याच्या तोंडाशी आला आणि वैतागून म्हणाला, “आजी-आजोबा, वाटेत बसू नका हो, लोकांना त्रास होतो.” तो चौघांनाही म्हणाला होता. धाकट्याला ते ऐकून का कोण जाणे बरं वाटलं.

शेवटी थर्मास बाईंनी घेतला, पिशवी रंगारीदादांनी, खाली गेलेल्या छत्र्या झाडूवाल्यानं आणून दिल्या. फोरमनसाहेबांनी धाकट्याचं कोपर धरलं. कोण कुणाला आधार देत होतं ते सांगणं अवघड होतं, पण वीस मिनिटांत ते पलीकडच्या फलाटावर उतरले. पुढची गाडी दोन तासांनी होती.

त्या दोन तासांत रंगारीदादा पेंगले. बाईंनी केळी सोलून सगळ्यांना दिली. बऱ्याच वेळानं फोरमनसाहेबांनी विचारलं, “गुडघा कधीपासून?”

“तीन वर्षं झाली.”

“बोलला नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

फोरमनसाहेबांनी केळ्याची साल घडी घालून मांडीवर ठेवली. “स्टोअरकीपरलाही विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “त्याला धाप लागायची. जिना चढून आला की अर्धं-अर्धं मिनिट बोलायचा नाही. मला वाटायचं, जाडा आहे, म्हणून.”

पुढच्या महिन्यात फोन आला नाही. दुसऱ्या बुधवारी धाकट्याला सहालाच जाग आली. तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. सुटलो असं वाटत होतं आणि कुणीतरी कामावरून काढून टाकल्यासारखंही वाटत होतं. बायको म्हणाली, “पडा की थोडं.” तो पडला, पण नुसता छताकडे बघत.

मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. इस्पितळात बाई आणि रंगारीदादा येऊन गेले. बाईंनी आणलेली बिस्किटं रंगारीदादांनीच संपवली. फोरमनसाहेब आले नाहीत. धाकट्यानं त्यांच्याबद्दल विचारलं नाही, आणि त्या दोघांनीही काही सांगितलं नाही. ते आले नाहीत ह्याचं त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं ह्याचा रागही आला.

तो काठी घेऊन चालायला लागल्यावर एके सकाळी बाईंचा फोन. “बुधवारी जायचंय. लहान लाइनीच्या शेवटच्या स्टेशनला. तिथे पूलच नाही, जिनाही नाही. गाडी जिथे थांबते तिथूनच उलटी फिरते. मी स्वतः फोन करून स्टेशनमास्तरांना विचारलंय, तीनदा.”

“आणि आपल्या स्टेशनवर?”

“ती गाडी रस्त्याकडच्या फलाटावरून सुटते. सगळं बघितलंय. तुम्ही नुसते या.”

बायको त्याला स्टेशनपर्यंत सोडायला आली. डब्यात फोरमनसाहेब आधीच बसलेले होते. एका जागेवर त्यांची टोपी, दुसरीवर वर्तमानपत्र, तिसरीवर चष्म्याचं घर, आणि समोरच्या प्रवाशाशी वाद चालू. धाकट्याला पाहून ते म्हणाले, “उशीर केलास.” मग सरकून त्यांनी खिडकी मोकळी केली.

“साहेब, खिडकी तुमची.”

“बस म्हटलं ना.”

तो बसला. समोर सगळं चुकीचं चाललेलं दिसत होतं. थर्मासचं झाकण रंगारीदादांनी नीट लावलं नव्हतं, पिशवीतून चहा गळत होता. बाई नेमक्या वाऱ्यात बसल्या होत्या. त्याचे हात शिवशिवले. त्यानं ते काठीच्या मुठीवर एकावर एक ठेवले आणि उठला नाही.

शेवटच्या स्टेशनावर बघण्यासारखं काही नव्हतं. रूळ एका मातीच्या ढिगाऱ्यापाशी संपत होते, पत्र्याच्या छपराखाली एक लांब बाक होता, आणि पलीकडे मोकळं रान. चौघांनी त्या बाकावर बसून डबे खाल्ले, उरलेला कोमट चहा वाटून घेतला. परतीची वेळ विचारायला फोरमनसाहेब स्वतः उठले. फलाटाच्या टोकापर्यंत गेले, तिकिटाच्या खिडकीशी बोलले, परत येऊन बसले.

“साडेतीन,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “की चार?”

बाई उठून पुन्हा विचारून आल्या.

पुढचे पाच महिने ते तिथेच गेले. मग बाईंना त्यांच्या भाचीनं आपल्या गावी नेलं. रंगारीदादांच्या मुलानं त्यांना एकटं बाहेर पाठवणं बंद केलं. फोरमनसाहेबही आता घराबाहेर पडत नाहीत. दुसऱ्या बुधवारी धाकटाच त्यांच्याकडे जातो. घर तळमजल्यावर आहे. पहिल्या दहा मिनिटांत दोघांचं बोलून संपतं, आणि बऱ्याचदा फोरमनसाहेबांना लगेच डोळा लागतो. मग धाकटाही समोरच्या खुर्चीत डोळे मिटून घेतो. साहेबांची सून चहा घेऊन येते तेव्हा आधी कुणाला उठवावं ते तिला कळत नाही, आणि ती कप तसेच परत घेऊन जाते.