पावण्याक पेज

मुंबई सेंट्रलच्या आगारात गाडी लागायला वेळ होता, म्हणून मी पट्टा सोडून पुन्हा बांधला. त्याचं शेवटचं भोक मी घरी दाभणाने पाडलेलं होतं, आणि तेही आता सैल होत होतं. वर्षभर अर्धा भात खाऊन, साखर सोडून, रोज सकाळी चौपाटीपर्यंत पायपीट करून मी त्या भोकापर्यंत पोचलो होतो. आता मिठबावला थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. तिला आम्ही अक्का म्हणतो. गाडीत चढण्यापूर्वीच मला अक्काच्या ताटाची धास्ती बसली होती.

कारण सांगायला हवं. डॉक्टरांनी मला स्पष्ट बजावलं होतं, रक्तात साखर आहे, दाब आहे, तुमचे थोरले भाऊ याच दुखण्यांनी गेले. वजन उतरवा आणि उतरलेलं टिकवा. आमचे दादा शेवटचे गावाला गेले ते अक्काकडे. तिच्याकडून परत आले आणि महिन्याभरात गेले. तेव्हापासून अक्का भेटेल त्याला सांगते, ‘‘दादा गेलो, पण माझ्याकडसून पोटभर जेवान गेलो.’’ या एका वाक्यावर तिने ते दुःख पेललं आहे. मी का कमी खातो हे तिला सांगितलं, तर त्या वाक्याचं काय होणार? तेव्हा खायचंही नाही आणि सांगायचंही नाही, असा बेत करून मी निघालो. पिशवीत बायकोने काकड्या आणि भाजलेले चणे दिले होते.

पहिलं खोटं वाटेतच बोललो. गाडी जेवणासाठी थांबली, सगळे उतरून ताटांवर बसले आणि मी बाकावर काकडी काढली. शेजारच्या आसनावरचे गृहस्थ दोडामार्गचे होते, काजूचे व्यापारी. त्यांनी विचारलं, ‘‘उपास काय?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. सोपं वाटलं.

‘‘मगे काकडी कशाक? साबुदाण्याची खिचडी गावता हय.’’ आणि मी नको नको म्हणेपर्यंत ते उठून तुपाने माखलेली खिचडी घेऊन आले. वर दाण्याचं कूट, खोबरं. एवढ्या आपुलकीने आणलेली बशी परत कशी करणार? मी सगळी खाल्ली. काकडी पुन्हा पिशवीत गेली.

सकाळी कणकवलीला उतरलो. स्टँडवर लोक ओरोसच्या गोष्टी बोलत होते. तिथे नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या, कुणाच्या मुलाला तिथे नोकरी लागणार होती. मिठबावची गाडी मिळाली तेव्हा ऊन चढलं होतं. तांबड्या कातळातून कापलेला रस्ता, दोन्ही बाजूंना आंब्याची कलमं, झाडांखाली गवत पसरून पेट्या भरणारी माणसं. सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) गाडी खाली वळली आणि माडांच्या शेंड्यांच्या वर समुद्राची निळी पट्टी दिसली. दरवर्षी ती दिसली की मला तोंडाला पाणी सुटल्यासारखं होतं. माझं सगळं बालपण त्या पट्टीखाली जेवत बसलेलं आहे. या वेळी मी मान वळवून दुसरीकडे बघितलं.

अक्का खळ्यात (अंगणात) उभी होती. मला बघून तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

‘‘अगे आवशी! बाबू, काय झाला रे तुझा? सुको कोलीम झालस मरे!’’ कोलीम म्हणजे वाळत घालतात ती नखाएवढी कोळंबी. तिने माझं मनगट धरलं आणि बांगडीचं माप घ्यावं तसं बोटांनी चाचपलं.

भावोजी ओटीवरून हसले. ‘‘बायल जेवक घालना नाय काय?’’

‘‘घालते हो,’’ मी म्हणालो. ‘‘उन्हाळा आहे, जेवण जात नाही.’’ दुसरं खोटं.

दुपारी पाट मांडला. वडे, कोंबडीची सागोती, तळलेली सुरमय, सोलकढी, आणि शेवटी खास माझ्यासाठी नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या. मी एक वडा मोडून तो चिवडत बसलो. अक्का आत गेली की उरलेले वडे खिडकीतून खाली जात. तिथे घरचा कुत्रा वाघ्या होता. आमच्या घरात पानात टाकणं हे पाप मानत, आणि मी पन्नाशीला आलेला माणूस बहिणीने राबून केलेलं अन्न कुत्र्याला घालत होतो. त्या जेवणात मला कशाचीच चव लागली नाही. वाघ्याला मात्र लागली. तो दिवसभर माझ्या मागे फिरू लागला, आणि जेवायच्या वेळी नेमका माझ्या खिडकीखाली येऊन बसू लागला.

फिरण्याचंही तसंच. सकाळी उठून मी किनाऱ्याच्या रस्त्याने झपाझप चालत सुटलो. मुंबईत कुणी विचारत नाही. इथे प्रत्येक बेड्यापाशी (कुंपणाच्या फाटकापाशी) कुणीतरी उभं.

‘‘खंय चललस?’’

‘‘सहज. चालायला.’’

‘‘काय हरावला काय?’’

पुढच्या वळणावर एक म्हातारा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) शिवत बसला होता. मला जाताना बघितलं, आणि मी तसाच परत येताना बघून म्हणाला, ‘‘घराकडे कायतरी इसारलस मां? मी तेवाच म्हणी होतंय.’’ विनाकारण चालणारा माणूस या गावात एक तर वेडा, नाहीतर काळजीत असतो. मी वाळूवर उतरलो. ओहोटी होती, होड्या कलंडून पडलेल्या, उन्हात माशांची जाळी वाळत होती. इतकं सुंदर सगळं, आणि मला एके जागी उभं राहवत नव्हतं. वाघ्या मागे होताच.

परत आलो तेव्हा भावोजी मागीलदारी (घरामागच्या पडवीत) पेज पीत होते. उकड्या तांदळाची, पातळ, वाफाळती. सोबत निखाऱ्यावर भाजलेला बांगडा आणि कैरीच्या लोणच्याची फोड. तेल नाही, खोबरं नाही, साखर नाही. डॉक्टरांनी बघितली असती तर त्यांनी स्वतः वाटी पुढे केली असती. जे अन्न मी मुंबईत वर्षभर शोधत होतो ते इथे रोज शिजत होतं.

‘‘अक्का, माका पण पेज दी.’’

ती हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘‘पावण्याक पेज? लोक माझ्या तोंडात श्याण घालतले! ओटीर जाऊन बस. घावणे घालतंय.’’

तर तिथली रीत अशी आहे. पेज घरच्या माणसाची. पाहुण्याला पेज दिली तर ते घर हलकं ठरतं. वर्षातून एकदा मुंबईहून येणारा सख्खा भाऊ त्या घरात पाहुणाच असतो. मी ओटीवर जाऊन घावणे खाल्ले.

मग मी सोमवार धरला. अक्काने वरी, रताळी, केळ्याचे काप, नारळाचं दूध असं सगळं करून माझा सोमवार साजरा केला. शेजारपाजारची आमंत्रणं आली, तिथे मी डोकं दुखतंय म्हणालो. पट्टा भोकात बसेना, तेव्हा मला खरंच भीती वाटली. वर्षाची मेहनत जाणार या भीतीमागे दुसरी, मोठी भीती होती. मी पुन्हा अक्काकडे गेलो आणि म्हणालो, ‘‘पोटाक बरा नाय. निदान दोन दिवस पेज दी.’’

या वेळी तिने नकार दिला नाही. तिचा चेहरा मात्र उतरला. तेव्हा मला आठवलं की पेज आणखी एकाला देतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला.

पेज आली. मी समाधानाने प्यालो, आणि आतून अक्काचा आवाज ऐकू आला. ती भावोजींना दबक्या स्वरात सांगत होती, ‘‘जेवण कुत्र्याक घालता. खिडकीखाली रोज वड्यांचे तुकडे गावतत. गिळूक जायत नसतला तेका. माका सांगना नाय.’’

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मला देवळात नेलं. नारळ, अगरबत्ती, भावकीतली चारपाच माणसं. भावोजींच्या घराला गाऱ्हाणं घालायचा मान आहे. ते देवापुढे उभे राहिले, हात जोडले आणि त्या उंच, ओढलेल्या सुरात सुरू झाले:

‘‘बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू मुंबयसून तुझ्या पायाकडे इलो हा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळे म्हणाले.

‘‘तेका जो काय रोग लागलो आसात, तो ह्यो आमका सांगना नाय, पण तुका सगळा ठावक आसा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘तेच्या दादाक तू व्हरलस. ह्येका तरी आमका ठेय. तेका भूक लागांदे, खाल्लेला अंगाक लागांदे, पयल्यासारखो गोल गरगरीत होवांदे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

अक्काचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि तो मधेच फाटला.  वर्षभर मी ज्याच्या उलट झटलो, ते गावाने माझ्यासाठी देवाकडे मागितलं होतं, आणि मागताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतताना पाणंदीत (दोन्ही बाजूंना दगडांचा गडगा असलेल्या वाटेत) मी आणि अक्का मागे राहिलो. मला आणखी खोटं पेलवेना.

‘‘अक्का, मी मराक टेकूक नाय. मी मुद्दाम कमी खातंय. रक्तात साखर आसा, वजन उतरवूक सांगलेला आसा डॉक्टरान.’’

ती चालत राहिली. वाटलं, तिला बरं वाटलं असावं. मग ती थांबली. गडग्यावर हात टेकून तिने विचारलं,

‘‘दादाकय असाच सांगलेला?’’

जो प्रश्न टाळण्यासाठी मी इतके दिवस पळत होतो तो समोर उभा होता. मी वाटेतल्या दगडांकडे बघत राहिलो.  उत्तर तिने त्या गप्प राहण्यातून घेतलं.

‘‘तेना पण माझ्याकडे पेज मागलेल्यान,’’ अक्का म्हणाली. ‘‘इलो त्या दिसाक. मी काय म्हटलंय, म्हायत आसा मां तुका?’’

मला माहीत होतं. मीही तेच ऐकलं होतं, त्याच पडवीत. घरी पोचेपर्यंत ती माझ्यापुढे चालत राहिली. वाघ्या खळ्यात उड्या मारत आला, तर तिने त्याला हटकलं नाही.

सकाळी हाक आली, ‘‘बाबू, मागीलदारी ये.’’ पाट नव्हता, जमिनीवरच दोन वाडगे होते. एक माझा, एक तिचा. मधे भाजलेला बांगडा, तिने अर्धा मोडून माझ्या बाजूला सरकवला. पेज गरम होती. फुंकर घालत आम्ही प्यायला लागलो तेवढ्यात शेजारची नलू विरजण मागायला आली. तिने वाडग्यात डोकावून बघितलं आणि डोळे मोठे केले.

‘‘गो अक्का, पावण्याक पेज?’’

‘‘पावणो खंय हा हय?’’ अक्का मान वर न करता म्हणाली. ‘‘ह्यो माझो भाव.’’

उरलेले दिवस मी मागीलदारी जेवलो. पट्टा आपल्या भोकात परत गेला. रापण शिवणाऱ्या म्हाताऱ्यालाही माझ्या चालण्याची सवय झाली. मला जाताना बघून तो म्हणायचा, ‘‘जा, जा, सोदून ये.’’

निघण्याच्या दिवशी अक्का थांब्यावर आली. दरवर्षी ती खाज्याचं (गुळात घोळवलेल्या गोड शेवेचं) पुडकं देते. या वेळी उकड्या तांदळाची पिशवी दिली, आणि माझ्या बायको-मुलीसाठी एक पेटी आंबे. ‘‘बायलेक आणि चेडवाक. तू हात लावायचो नाय.’’ एरवी गाडी सुटताना ती खिडकीशी येऊन विचारते, ‘पोटभर जेवलस मां?’ या वेळी ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि नुसता हात हलवला. दादांचं ते वाक्यही मी पाणंदीतल्या त्या संध्याकाळनंतर तिच्या तोंडून ऐकलं नाही.

आता मुंबईत बायको आठवड्यातून एकदा त्या तांदळाची पेज करते. डॉक्टर खूश आहेत. मी मात्र वाडगा हातात घेतला की पुन्हा त्या पाणंदीत जाऊन उभा राहतो. त्या प्रवासात मी केवढं खोटं बोललो. उपासाचं, उन्हाळ्याचं, डोक्याचं, पोटाचं. सगळं स्वतःसाठी. एकच खोटं तिच्यासाठी बोलायचं होतं, एका शब्दाचं, आणि नेमकी तिथे जीभ उचलली नाही.

मग अक्काने नलूला दिलेलं उत्तर आठवतं, आणि पेज निवायच्या आत मी ती पिऊन टाकतो.