साडूंची फोर बाय फोर

गाडी न घेता गाडीवर इतकं प्रेम करणारा माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा झाला नसेल. हे आमचे साडू. राहायला अंबरनाथ पूर्वेला, नोकरी केमिकल कंपनीत, आणि जीव एका मध्यम आकाराच्या, जराशा उंच गाडीत. ऐपत होती, बायकोची हरकत नव्हती. अडलं होतं एवढंच, की इंजिन डिझेलचं घ्यावं की पेट्रोलचं, आणि ताकद दोन चाकांना असावी की चारही. "डिझेलला ओढ आहे हो, पण पेट्रोलला संस्कार आहेत," असं ते म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. लग्नात अक्षता पडत असतानाही शेजारच्याला ते गिअरबॉक्स समजावत. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका सिंधी कापडवाल्याला त्यांनी फोर बाय फोरचं महत्त्व इतका वेळ सांगितलं, की तो हात जोडून म्हणाला, "साईं, मुझे दुकान जाना है, पहाड़ पे नहीं!"

पहाडावर साडूच गेले. शोरूमच्या पोराला शेजारी आणि मला मागे बसवून त्यांनी चाचणीची डिझेल फोर बाय फोर बारवी धरणाकडच्या चिखलाच्या चढावर घातली. पोरगा "सर, इथे परमिशन नाही" म्हणत राहिला आणि गाडी चढत राहिली. वर ठाकर आदिवासींची वाडी होती. तिथे एका तापानं फणफणलेल्या म्हातारीला झोळीत घालून खाली न्यायची तयारी चालली होती. साडूंनी विचारलं नाही, दार उघडलं. उतरताना हा माणूस इंजिनाबद्दल अवाक्षर बोलला नाही, तेवढंच मला आठवतं. बदलापूरच्या डॉक्टरांनी वेळेवर आणलंत म्हणून सांगितलं.

म्हातारीच्या मुलानं विचारलं, "दादा, गाडी तुमची काय?"

"घेतोच आहे," साडू म्हणाले आणि त्याला घरचा फोन नंबर दिला.

त्यानंतर ते डिझेलवर ठाम झाले. मग पेट्रोलचं नवं इंजिन येणार असं कळलं, तेव्हा थोडं थांबायचं ठरलं.

पुढच्या पावसाळ्यात टेलिफोन बूथवरून त्या मुलाचा फोन आला. "दादा, आयला परत बरं नाय. तुमची गाडी घेऊन याल काय?"

साडू रिक्षा करून निघाले. चढाच्या पायथ्याशी रिक्षावाल्यानं हात वर केले, तेव्हा चिखल तुडवत चालत वर गेले. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलानं त्यांना चहा दिला. गाडीचं कोणी विचारलं नाही. "विचारलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच साडू मला म्हणाले.

आता नात्यातलं कोणी डिझेल की पेट्रोल म्हणून सल्ला मागायला आलं, की आम्ही सवयीनं लांबलचक व्याख्यानाच्या तयारीत पाय पसरून बसतो. साडू मात्र खिडकीबाहेर बघत म्हणतात,

"कुठलीही घ्या. पण घेऊन टाका."