झाडाखालचा मालक

सारा गाव त्यांना सावलीभाऊ म्हणायचा. शेतात राबायची बायको आणि मालकी गाजवायचे हे, तीही झाडाखाली आडवं पडून. पिढ्यानपिढ्या कसलेल्या त्या जमिनीचा कागद मात्र घरात नव्हता. शेवटी मोजणी खात्याच्या बाई फोन घेऊन आल्या. म्हणाल्या, "कसणाऱ्याने हा फोन धरून बांधावरून फिरायचं. फोन हद्द आखेल, फिरणाऱ्याचा फोटो काढेल आणि त्याच्याच नावाने कागद निघेल."

फिरायचं म्हटल्यावर सावलीभाऊंनी पुढचं ऐकलंच नाही. "उन्हात कोण मरणार? तू जा," असं बायकोला सांगून ते घोरायला लागले.

कागद बायकोच्या नावाने आला. सावलीभाऊंचा पारा चढला. "आणि यात मी कुठे आहे?"

बायकोने कागदावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "हे काय, माझ्या मागे, झाडाखाली. पाय तेवढे आलेत."