भाऊजींचा पट्टा आणि माझी साखळी

भाऊजी गेल्याची बातमी ताईनेच फोनवर सांगितली. रडली नाही, ओरडली नाही. "हे गेले रे," एवढंच म्हणाली. सकाळी अंगणात चहा घेता घेता त्यांच्या छातीत कळ आली. ताईने गाडी बाहेर काढून पुढचं दार उघडेपर्यंत सगळं संपलं होतं. धडधाकट माणूस, आदल्याच दिवशी पराटीला, म्हणजे कपाशीला, फवारणी करून आलेला. मी आदिलाबादहून ताईच्या गावी, जैनथकडे निघालो तेव्हाही वाटत होतं, पोचल्यावर ते ओसरीवर बसलेले दिसतील आणि आधी माझ्या गाडीचा आवाज ऐकून नाक मुरडतील.

कारण आमच्या नात्याचा सगळा डोलारा त्या आवाजावर उभा होता. भाऊजी वीज खात्यातून निवृत्त झाले, शेतीत रमले, पण त्यांचा खरा जीव त्यांच्या जुन्या डिझेल गाडीत. तिच्या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे दातांचा रबरी पट्टा. माझ्या गाडीत त्याच कामाला लोखंडी साखळी. काम एकच: खाली पिस्टन आणि वर व्हॉल्व्ह यांचा ताल सांभाळायचा. तो ताल चुकला की दोघांची टक्कर होते आणि इंजिन बसतं. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण साखळीचा अभिमान मात्र दांडगा. "तुमचा पट्टा ठरल्या वेळी बदलावा लागतो, माझ्या साखळीकडे जन्मभर बघायला नको," असं मी दर भेटीत ऐकवायचो. ते शांतपणे म्हणायचे, "साळेबुवा, लोखंडाची हाय म्हणून तिचं खाणंपिणं बंद कराचं का? तिले ताजं तेल लागते. नाही देल्लं तं ढिली पडते. सकाळी गाडी चालू करता तवा दात वाजवून राह्यली तुमची साखळी, ऐका जरा!" मी काच वर करायचो. "पण ती वाजते तरी," ते पुढे म्हणायचे, "आमचा पट्टा मुका. काई बोलत नाही, अन् एक दिवस तुटते. म्हणून त्याच्या आधी आपण उठाचं." त्यांचं बोलणं मला तेव्हा कंटाळवाणं वाटायचं.

ताईला मात्र या प्रकरणात ओढलं ते पोळ्याने. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद चोळतात. त्या वर्षी भाऊजींनी पट्टा बघायला म्हणून त्याचं झाकण काढून ठेवलं होतं आणि पाना आणायला आत गेले होते. ताई बैलांचं आटोपून वाटी हातात घेऊन आली. उघडा पट्टा दिसला. तिने मोठ्या भक्तिभावाने त्यालाही तूप-हळद लावली, चांगली बोटांनी चोळून! भाऊजी बाहेर आले आणि कपाळाला हात लावून उभेच राहिले. "अवं, हे काय केलंस?" तर ताई म्हणाली, "काऊन? हा बी तं जलमभर वढूनच राह्यला न! याचा खांदा कोन शेकाचा?" भाऊजी तिथेच जमिनीवर बसून हसत सुटले. साखळीला लावलं असतं तर तिने आशीर्वाद दिला असता, पण रबराला तेल-तूप म्हणजे विष. तो फुगतो, नरम पडतो. नवा पट्टा घालावा लागला. आम्ही सगळ्यांनी ताईला वर्षभर पिडलं. पण ताई कसली ऐकते! "आत काय हाय ते मले दाखवा, मंग हसा," म्हणाली. भाऊजींनी सगळं दाखवलं, आणि इंजिन कळल्यावर स्टिअरिंग लांब राहतंय होय? केस पांढरे व्हायला लागले असताना ताई गाडी शिकली. मग गावातली कुणी बाळंतीण असो की कुणाला निर्मल गावी लग्नाला जायचं असो, शेवटचा ऑटो चुकला की लोक तिच्या दारात.

तेरवी झाली आणि हैदराबादला राहणारा भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, गाडी इकून टाकू. आईले मी हैदराबादले नेतो." त्याचंही खरं होतं, पोराचा जीव एकट्या आईसाठी तुटत होता. आणि त्या सकाळपासून ताईने गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. गाडी नाही म्हणजे त्या गावात एकटीने राहणं नाही, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही. वर पट्टा बदलायची वेळ येऊन ठेपलेली. मी आपला मधला मार्ग काढला. "ताई, राहायचंच असेल तर ही देऊन साखळीवाली घे. डोक्याला ताप नाही."

ताईने गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "त्यायचा पट्टा बी मुकाच निंगाला रे... काई बोलले नाही. मले ठाऊक असतं तं मी आधी उठली असती." पदराने डोळे पुसले. "त्यायचा बदलता नाही आला. याचा तं येते न." मी तिच्याजवळ बसून पोरासारखा रडलो.

पुढच्याच आठवड्यात ती मला शेजारी बसवून इचोड्याच्या गॅरेजला निघाली. ड्रायव्हरची सीट भाऊजींच्या लांब पायांसाठी पार मागे सरकवलेली. ताईने ती पुढे घेतली नाही, पाठीमागे उशी ठेवली. हायवेवर ट्रकांच्या रांगेत सुरुवातीला ती कडेकडेने चालवत होती, मग एकेक ट्रक मागे टाकू लागली. गॅरेजवाल्याने जुना पट्टा काढून दाखवला. त्याला एकही चीर नव्हती. "अम्मा, ये तो और चलता था," तो म्हणाला. "चालत होता तवाच बदलाचा असते," ताई म्हणाली आणि नवा नीट बसेपर्यंत तिथून हलली नाही.

परतताना तिने मला माझ्या दारात सोडलं. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "आई, कधी येऊ तुले न्याले?" मला वाटलं आता वादावादी होणार. ताईने उशी नीट केली आणि मोठ्याने म्हणाली, "रविवारी ये न, बाप्पा. आदिलाबाद टेसनावर उतर. ऑटो नको करू... मी येते तुले घ्याले."