शेवेच्या भावाची सरळ रेघ

बावीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात चार आठवडे मी खोटे भाव लिहिले. ही गोष्ट मी घरीही कधी सांगितली नाही.

महागाईची नोंद ठेवणाऱ्या एका कार्यालयात मी भाव टिपण्याचे काम करीत असे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या दुकानांत जाऊन त्याच त्या वस्तूंचा भाव विचारायचा. इंदूर शहरातल्या 'जुनी इंदूर' या भागातले एक शेवेचे दुकान माझ्या यादीत होते. शेठजींना त्याचा कोण अभिमान! गिऱ्हाइकांना ऐकवीत, "सरकार भी हमसे भाव पूछती है, भिया!" आणि माझ्या तळहातावर लवंगेची शेव ठेवून म्हणत, "चव पण लिहून घ्या."

त्या मे महिन्यात मी उन्हाचा कंटाळा केला. घरी पंख्याखाली बसून मागचाच भाव चार वेळा उतरवला. पाचव्या आठवड्यात गेलो, तर बेसनाबरोबर शेव बरीच चढलेली. साहेबांनी विचारले, "एका आठवड्यात एवढी उडी?" मी म्हणालो, "दुकानदारानं एकदम वाढवला." ते दुकान बेभरवशाचे ठरले आणि यादीतून गेले.

यंदा जुन्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. आलेखात माझी ती सरळ रेघ दिसली आणि पुढे एकदम कडा. दुसऱ्याच सकाळी मी दुकान गाठले.

"काय भिया, सरकारला इतक्या वर्षांनी भूक लागली?" शेठजींनी मला लगेच ओळखले.

त्या उन्हाळ्याचा भाव विचारताच त्यांनी दुकानाच्या लाकडी दाराची आतली बाजू दाखवली. भाव बदलला की तारखेसह तिथे रंगाने लिहायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. त्या महिन्याच्या चार ओळी होत्या. दर आठवड्याला थोडी थोडी चढण. दुरुस्तीसाठी मी त्या उतरवून घेतल्या.

"देखो, एकदम कधीच वाढवला नाही," ते म्हणाले. "तरी यादीतून काढलं. बाजारात अजून चिडवतात, 'क्यों सेठ, सरकार रूठ गई?' छोडो. घ्या, शेव घ्या."

मी हात पुढे केला नाही. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती. माझा आवाज मुळातच हळू. तो मी मुद्दाम चढवला.

"शेठजी, तुमचा भाव खरा होता. मी महिनाभर इकडे फिरकलोच नाही, खोटं लिहिलं, आणि दोष तुमच्यावर ढकलला. मला माफ करा."